टाच खाली

माझा डावा पाय रबरी पट्ट्यात अडकवून केतकी मला घोटा स्वतःकडे ओढायला सांगत होती आणि मी नेहमीसारखं तोंड वाकडं करून ओढत होते, तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या मोबाईलमधून हौशीचं नाव आलं. आता नाव काय, कुणाचंही असतं. हौशी नावाच्या म्हशी असतात, शेळ्या असतात. पण समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत होता की बेळगुंदीची हौशी आणि कबऱ्या, घोडा-बैल जोडी, सुटली बघा कशी सुटली, आणि कबऱ्या हे माझ्या भावाच्या बैलाचं नाव आहे. पाय पट्ट्यात तसाच ठेवून मी अर्धी वळले. एवढ्याशा काचेवर धूळ उडत होती, दोन्ही बाजूंनी माणसं टॉवेल उडवत धावत होती आणि मधून एक हलकी गाडी येत होती. गाडीला एकीकडे ठिपक्याठिपक्यांचा बैल आणि दुसरीकडे तांबडी घोडी. घोडीच्या मागच्या उजव्या पायाला पांढऱ्या केसांचा मोजा होता. पळताना ती शेपूट जरा तिरकी धरत होती. माझी घोडी. तिच्या मानेवर जू होतं.

“पाय सोडू नका मॅडम,” केतकी म्हणाली. मी सोडला होता.

तो माणूस निपाणीकडचा, भरमा नावाचा. तंबाखूच्या वखारीत पोती उचलून उचलून गुडघा गेला म्हणून टिळकवाडीतल्या या व्यायामाच्या खोलीत यायचा आणि यायचा तेव्हा मोबाईलवर शर्यती लावून बसायचा, मोठ्या आवाजात, जणू आम्हा सगळ्या लंगड्यांची करमणूक त्याच्यावर सोपवलेली. इतके दिवस मला त्याचा वैताग येत होता. केतकी शहरातली मुलगी, घोडा आणि बैल एकाच गाडीला जुंपतात हे तिच्या डोक्यात शिरेना. भरमानं तिला हौसेनं समजावून सांगितलं. आमच्याकडच्या जत्रांना असतात या शर्यती. घोड्याची चाल आणि बैलाचा जोर, दोन्ही एका जुवाखाली. पण दोघं एकमेकांपासून फटकून पळाली तर गाडी उलटते, म्हणून घोड्याला आधी बैलाच्या अंगावर भार टाकून पळायला शिकवतात. “एकदा का घोडं बैलाला रेलाय लागलं न्हवं, मग ती सवय मोडत न्हाय बघा,” तो म्हणाला. “झोपंत सुदिक रेलतंय.” मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं ध्यान त्या जुवावर होतं. ती चित्रफीत मला पाठवा, असं मी त्याला म्हटलं. घोडी तुमची का, असं त्यानं विचारलं आणि मी हो म्हणाले. खरं तर नाही म्हणायला हवं होतं, कारण गेल्याच आठवड्यात मी फोनवर भावाला, महादेवअण्णाला, सांगून टाकलं होतं की घोडी आता तूच ठेव, मी पुन्हा कधी बसणार नाही.

असं सांगायला काही फार धीर लागला नव्हता. धीर लागला असता तर बरं झालं असतं, काहीतरी मोठं सोडतोय असं तरी वाटलं असतं. घोट्यात माझ्या प्लेट आहे, स्क्रू आहेत, सकाळी गार फरशीवर पाय ठेवला की आत कुणीतरी चमचा ठेवल्यासारखं होतं. हाड जुळलं असं सर्जन म्हणतात. सांधा मोकळा झाला असं केतकी म्हणते. शाळेनं माझे भूगोलाचे वर्ग खालच्या मजल्यावर आणून दिलेत, आणि शिक्षकांच्या खोलीत, घोड्यावरून पडायला आधी घोडा लागतो मॅडम, हा विनोद अजून चालू आहे. सगळं जागच्या जागी आलंय. फक्त केतकी जेव्हा म्हणते की काठी सोडा, टाच खाली टेकवा आणि भार द्या, तेव्हा माझी टाच आपोआप वर उचलली जाते. मी उचलत नाही. मी खाली बघते तर ती वर असते. घरात कुणी चोर निघाल्यावर त्याच्याकडे बघावं तशी मी त्या टाचेकडे बघते. कारण तिनंच मला पाडलं होतं. पडले त्या दिवशी माझी टाच वर आली होती. अण्णानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

टाच खाली, हे आप्पांचं, माझ्या वडिलांचं, पहिलं वाक्य. म्हणजे माझ्याशी ते त्याआधीही बोलले असतीलच, पण मला आठवतं ते हेच. खोगिरावर बसवलं होतं, रिकिबी माझ्यासाठी आखूड करून बांधल्या होत्या आणि आप्पा डाव्या बाजूला उभे राहून माझी टाच तळहातानं खाली दाबत होते. टाच वर गेली की माणूस पुढं जातो, पुढं गेला की घोडं समजतं ह्याला भ्या वाटतंय. अण्णा तेव्हा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. त्याला आप्पांनी माझ्याआधी बसवून पाहिलं होतं आणि त्यानं असा काही गळा काढला होता की पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. तो बैलांचा झाला. बैलांमध्ये त्याच्यासारखा माणूस नाही, हे मी आजही सांगते. पण आमच्या घराकडं मान आहे तो घोड्याचा. दसऱ्याला सोनं लुटायला देव शिवेवर जातो तेव्हा पालखीच्या पुढं देवाचं निशाण घेऊन घोड्यावर बसायचं ते आमच्या घरातल्या माणसानं. आप्पा बसायचे. आप्पांची कंबर धरली तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली की आता पोरगा तर घोड्याजवळ जात नाही. आप्पांनी कुणाला विचारलं नाही. मी तेव्हा शहरात नोकरीला लागलेली, केस कापलेली, लग्नाला नको म्हणणारी. त्यांनी निशाण माझ्या हातात दिलं. अण्णा त्या दिवशी घोडीचा लगाम धरून माझ्यापुढं चालत होता, डोक्याला फेटा, पायात काही नाही. त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल. सुटला एकदाचा.

हौशीला आप्पांनीच आणली, शेवटची. तिच्या कपाळावर दोन भोवरे आहेत, केसांचे, एकमेकांना चिकटून. जोडभोवऱ्याचं घोडं धन्याला पाडतं म्हणून तिला कुणी घेत नव्हतं. आप्पा हसले आणि घेऊन आले. वर्षभरात ते गेले. मग शनिवारी शाळा सुटली की मी बेळगुंदीला जायचे, रविवारी सकाळी हौशीला काजूच्या बागांमधून फिरवून आणायचे आणि सोमवारी पुन्हा फळ्यासमोर. आठवडाभर तिचं दाणापाणी अण्णा बघायचा. गेल्या उन्हाळ्यापासून हौशीनं एक नवीन सुरू केलं होतं. मी खोगीर घालायला तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले की ती हळूच अंगाचा भार माझ्यावर टाकायची. खांद्याला खांदा लावून, मोठा श्वास सोडून. आधी कधी असं करत नव्हती. मला कुणी असा भार दिलेला नव्हता, आणि आता सांगायला काय, मी हरखून गेले होते. दवाखान्यात पाय टांगून पडलेली असताना मला दौड आठवायची नाही, वारा आठवायचा नाही, हे तिचं रेलणं आठवायचं. येईल त्याला मी सांगत होते की मुक्या जनावराला माया कळते.

पडले ती सकाळ मला नीट आठवते आणि आठवत नाहीही. दसरा जवळ आला होता. बागेच्या वाटेला दोन्हीकडं कुंपणाचे दगडी खांब आहेत. हौशी सुरेख दौडत होती, आणि एकाएकी ती डावीकडं गेली. बुजली नाही, उधळली नाही, नुसती गेली, खांबांच्या अंगावर. माझा पाय घोडी आणि दगडाच्या मध्ये आला. जो आवाज झाला तो मला वाटलं कुंपणाचा आहे. अण्णा चाऱ्याचा भारा घेऊन मागून येत होता, तो भारा टाकून पळत आला आणि त्यानं मला लहान मुलासारखं उचललं. ऑपरेशनच्या आधी मी त्याला विचारलं की काय झालं रे. तेव्हा तो म्हणाला, तुझी टाच वर आली, पाय निसटला, तोल गेला नि तूच तिला डावीकडं ओढलीस, मी बघितलं. गाव जोडभोवऱ्याला दोष देत होतं. अण्णानं घोडीला दोष येऊ दिला नाही म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं. मला मात्र सारखं वाटत होतं की टाच खाली होती. तळव्याला रिकीब लागलेली मला आठवत होती. पण भुलीतून उठल्यावर माणसाला आपलंच काही खरं वाटत नाही, आणि मी पडून पडून त्या आठवणीला इतक्या वेळा हात लावला की ती पुसून गेली. अण्णा रोज दवाखान्यात डबा घेऊन यायचा. मला उचलून न्हाणीपर्यंत न्यायचा. अशा माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर काय स्वतःच्या मोडक्या पायावर ठेवायचा? मी त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

व्यायामाच्या खोलीतून मी घरी गेलेच नाही. रिक्षा केली ती थेट बेळगुंदीची. गणेशपूर मागं पडल्यावर हवा बदलते, काजूच्या मोहराचा वास येतो. पडल्यापासून मी या रस्त्याला आले नव्हते. रिक्षावाला कन्नडमध्ये फोनवर कुणाशी तरी भांडत होता आणि मी मागं बसून अण्णाची बाजू मांडत होते. मीच पाय मोडून घेऊन बसले. घोडी उभी राहिली. उभं जनावर बिघडतं हे मला काय सांगायला हवं? मग केली असेल एखादी शर्यत, बैलांचा शौक त्याचा, विचारायला हवं होतं पण नाही विचारलं. सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून नाही सांगितलं. माझ्याजवळ सगळी उत्तरं होती. राग फक्त त्या समालोचकाचा येत होता, त्यानं माझ्या घोडीचं नाव बैलाच्या नावाला जोडून घेतलं म्हणून.

आई अंगणात रताळी निवडत होती. मला काठीवर येताना पाहून ती उठली, आणि आनंदाच्या आधी तिच्या तोंडावर दुसरंच काहीतरी येऊन गेलं. मी चहा नको म्हटलं आणि गोठ्याकडं गेले. हौशीनं कान टवकारले. मी तिच्या डाव्या बाजूला गेले, मानेवरून हात फिरवला, आणि मानेच्या मुळाशी बोटांना ते लागलं. केस नसलेला, आडवा, कातड्यासारखा घट्ट पट्टा. बैलांच्या मानेवर असतो तसला. घोड्याच्या मानेवर मी असला घट्टा उभ्या जन्मात हाताळला नव्हता. माझ्या पाठीशीच कबऱ्या रवंथ करत होता. त्याची जागा पूर्वी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. आता तो हौशीच्या शेजारी होता, डावीकडं.

अण्णा आला तो हातात कडब्याची पेंडी घेऊन. मी काही म्हणायच्या आत माझा हात कुठं आहे ते त्यानं बघितलं. कट्ट्यावर बसतेस काय गं, म्हणाला. मी म्हटलं की चित्रफीत बघितली. पेंडी खाली टाकून तो भरभर बोलत सुटला. तुझा पाय मोडल्यावर घोडी उभीच्या उभी होती, नुसतं खाऊन अंगात मस्ती आली होती, पोरं म्हणाली जुंपून बघू, मग निपाणीकडच्या जत्रेला एकदा आणि पुढं आणखी एकदा. तुला बरं वाटल्यावर सांगणारच होतो. आणि तूच म्हणालीस की गं, ठेवून घे म्हणून. हे सगळं माझं रिक्षात त्याच्या वतीनं बोलून झालं होतं, जवळजवळ याच शब्दांत, म्हणून मला ते पटलं. माझं मलाच हसू आलं. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, कशी पळाली बघितलंस न्हवं, आणि त्याच्या तोंडावर असा काही उजेड पडला की मी त्याला बघतच राहिले. घोड्याच्या नावानं हा माणूस असा कधी हसला नव्हता. म्हटलं, चल, तुलाही दाखवते, आणि गोठ्याच्या कट्ट्यावर बसून मोबाईल काढला.

तो माझ्या मागं उभा राहून बघत होता. गाडी सुटली. धूळ, टॉवेल, माणसं. हौशी कबऱ्याला बिलगून पळत होती, तिचं सगळं अंग डावीकडं, इतकं की दोघांच्या मध्ये हात शिरला नसता. तिची आयाळ वाऱ्यावर उडत होती. लांब, तांबडी, मानेवर आपटत होती, पुन्हा उडत होती. मी चित्रफीत थांबवली. मान वर करून समोर उभ्या हौशीकडं पाहिलं. तिची आयाळ बोटभर, झाडूसारखी ताठ. ती मी कापली होती. पडले त्याच्या आधीच्या रविवारी, या गोठ्यात, माझ्या हातांनी, आणि तेव्हा तिचं तोंड धरून उभा होता अण्णा. ही शर्यत त्याच्याही आधीची होती.

कापली का होती? मानेवर कातडं सोललं होतं म्हणून. आयाळीखाली घामानं खरूज झालीय, झाडाला मान घासतेय, असं अण्णा म्हणाला होता. आयाळ काढ म्हणजे हवा लागेल. मी काढली. मी त्या सोललेल्या जागेवर कडुनिंबाचं तेल लावलं, रोज लाव म्हणून त्याला बजावलं, आणि तो व्हय म्हणाला. मग उन्हाळा आठवला. जत्रा सगळ्या उन्हाळ्यात, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी, आणि मी येणार फक्त शनिवारी. मग भरमा आठवला. झोपेत सुद्धा रेलतं. मग ती वाट, ते खांब आणि हौशीचं ते शांतपणे डावीकडं जाणं, जणू तिथं तिचं कुणी होतं. एकामागून एक सगळं आपापल्या जागी येऊन बसत होतं आणि मी कट्ट्यावर बसून नुसती बघत होते. काठी माझ्या हातातून कधी पडली ते कळलं नाही. अण्णा माझ्या मागं होता. त्यानंही आयाळ बघितली होती. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मी वळले नाही. म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी माझी टाच कुठं हुती?”

कबऱ्याच्या गळ्यातली घंटा वाजली, थांबली. अंगणात आई रताळी टोपलीत टाकत होती, तो आवाजही थांबला.

“खालीच हुती,” अण्णा म्हणाला. “घोडी रेलली.”

मी खाली वाकून माझ्या पायाकडं बघितलं. घोट्याशी सुजरा, पोटरीत वाळलेला, टाक्यांचा व्रण असलेला तो पाय. हिवाळाभर मी याला बोल लावला. रोज सकाळी उठून याला चोर ठरवलं, याच्यावर पाळत ठेवली, आणि याच्यापायी आप्पांचं निशाण फोनवरून देऊन टाकलं. हा बिचारा जागच्या जागी होता. जू चढवलं त्याचं एवढं नाही, अण्णा. शर्यतीचं नाही, खोटी खरूज सांगितलीस त्याचंही मी गिळलं असतं. पण माझं पडणं तू माझ्या पायावर घातलंस आणि मग त्याच पायाला धरून मला न्हाणीत नेत राहिलास. रडू आलं ते रागाचंच होतं. त्याला दिसू नये म्हणून मी पुसलं नाही. तो काहीतरी बोलत होता, सांगितलं असतं तर तू माझं तोंड बघितलं नसतंस, असलं काहीतरी. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला काही विचारलं नाही, त्यावरून मला कळलं की तिला आधीपासून माहीत होतं. दवाखान्यातून सुटल्यावर शहरात माझ्या खोलीत राहून माझे पाय चेपत होती तेव्हाही.

“घोडी मी देत न्हाय,” मी म्हटलं. “दसऱ्याला निशाण मीच घेणार.”

“घे की,” अण्णा म्हणाला, इतक्या पटकन, इतक्या हलक्या आवाजात, जणू माझ्यावर उपकार नव्हते ते, त्याच्यावर होते. मला ते आणखीच सहन झालं नाही. काठी उचलून द्यायला तो वाकला. मी म्हटलं, राहू दे.

काठीशिवाय मी उठले. टाच खाली टेकवली आणि भार दिला. दुखलं, पण ती वर आली नाही. सवयीनं मी हौशीच्या डाव्या बाजूला निघाले होते, आणि दोन पावलांवर थांबले. त्या बाजूला मी उभी राहिले की ती रेलणार. गेल्या उन्हाळ्यापासून रेलत आली तशी, खांद्याला खांदा लावून, मोठा श्वास सोडून. ज्याला मी माया म्हणत होते ते. मी तिथं उभी असायचे, एवढाच माझा संबंध होता. कुणी तरी डावीकडं हवं होतं तिला. कबऱ्या नसला तर मी.

मी तिच्या तोंडापुढून वळून उजव्या बाजूला गेले. उजवीकडून घोड्याजवळ कुणी जात नाही, आप्पांनी कधी जाऊ दिलं नव्हतं. पण बसायचं तर आता मला इकडूनच बसायला लागणार, उजवा पाय रिकिबीत घालून, आणि तिला ते पहिल्यापासून शिकवायला लागणार. तिनं एक कान माझ्याकडं फिरवला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अण्णानं कबऱ्याला सोडून बाहेर नेलं होतं, बहुतेक माझ्यासाठीच. गोठ्यात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, हौशे, इकडं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं मोठा श्वास सोडला आणि हळूच अंगाचा भार डावीकडं टाकला. तिथं कुणी नव्हतं.